हाताने शिवलेले क्विल्टेड टेबल रनर आणि मॅट: धुण्यापासून घडीपर्यंत

कोणी हाताने शिवलेला टेबल रनर, म्हणजे टेबलावर लांबीने पसरायची कापडी पट्टी, भेट देतं, किंवा आपणच खपून चार मॅट शिवतो. पहिल्यांदा चहा सांडेपर्यंत सगळं छान असतं. मग प्रश्नांची रांग लागते. मशीनमध्ये टाकलं तर टाके उसवतील का? लाल कापडाचा रंग पांढऱ्यावर उतरेल का? वाळल्यावर वेडंवाकडं होईल का? या धास्तीने कितीतरी सुंदर मॅट कपाटातच पडून राहतात आणि टेबलावर प्लास्टिकचे येतात.

खरं तर चांगल्या सुती कापडाचा, नीट टाके घातलेला मॅट धुण्याला भीत नाही. घोळ होतो तो बहुतेक वेळा उष्णतेने. डाग, खुणेच्या पेनाची शाई, भलतीकडे उतरलेला रंग, यातलं काहीही ओलं असेपर्यंत सहसा हाताबाहेर गेलेलं नसतं. त्यावर ड्रायर किंवा इस्त्री फिरली की ते पक्कं बसतं. म्हणून पुढचं सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा: उष्णता सगळ्यात शेवटी, आणि तीही सगळं निघाल्याची खात्री झाल्यावर. याला एक मोठा अपवाद आहे, तो रंगाच्या भागात येईल.

आधी वस्तू ओळखा

क्विल्टेड वस्तू म्हणजे एकावर एक तीन थर. वर जोडकामाचं किंवा अखंड कापड, मध्ये भरण (शिवणारे तिला बॅटिंग म्हणतात), खाली अस्तर. तिन्ही थर धावदोऱ्याने किंवा मशीनच्या टाक्यांनी एकत्र बांधलेले, आणि कडेने गोट. कापड धुवायला सोपं असलं तरी आतली भरण तशी असेलच असं नाही. त्यामुळे कसं धुवायचं हे तिघांतल्या सगळ्यात नाजूक थरावरून ठरवायचं.

शिवणारी व्यक्ती ओळखीची असेल तर सरळ विचारा: आत काय घातलंय, आणि कापड शिवण्याआधी धुतलं होतं का? विचारायची सोय नसेल तर कोपरा चिमटीत धरून पाहा. सुती भरण चपटी, जराशी जड आणि टेबलाच्या कडेवरून सहज लोंबणारी असते. पॉलिस्टरची भरण फुगीर आणि हलकी. दाबून सोडली की लगेच वर येते. लोकरीचीही फुगीर असते, पण हाताला मऊ आणि ऊबदार लागते. सुती-पॉलिस्टर मिश्रणही सर्रास वापरतात, ते साधारण सुतीसारखंच वागतं.

सुती भरण धुतल्यावर बहुधा ३ ते ५ टक्के आटते. ऐकायला हे कमी वाटतं, पण १५० सेंटिमीटरचा रनर त्या हिशेबाने साडेचार ते साडेसात सेंटिमीटर आखूड होतो. वरचं कापड आधी धुतलेलं आणि भरण न धुतलेली असेल तर कापड तेवढंच राहतं, आतली भरण आखडते आणि टाक्यांच्या मधे बारीक चुण्या पडतात. पुष्कळांना हे चुणीदार रूप आवडतं, मलाही आवडतं. पण रनर टेबलाच्या मापाला बेतून शिवलेला असेल तर पहिल्या धुण्याआधी लांबी-रुंदी मोजून लिहून ठेवा. वाळवताना ते आकडे लागतील.

मॅट दाबल्यावर आतून कागदासारखी चुरचुर ऐकू आली तर आत उष्णतारोधक भरण आहे, म्हणजे पॉलिस्टरच्या तंतूंत धातूचा मुलामा दिलेली पातळ फिल्म. गरम भांड्यांच्या मॅटमध्ये आणि किटलीच्या टोपीत ती घालतात. ही वस्तू धुता येते, पण कडक इस्त्री तिला चालत नाही, आणि मायक्रोवेव्हमध्ये तर ती कधीच जाता कामा नये. मायक्रोवेव्हमधून वाटी काढायला शिवलेल्या आवरणात कापड, भरण आणि दोरा, तिन्ही शंभर टक्के सुती असावे लागतात. तशी खात्री नसेल तर ते आवरण मायक्रोवेव्हच्या बाहेरच वापरा.

मणी, जर, मखमल, रेशीम असं काही असेल तर मशीनचा विचार सोडून द्या. कापडी आकार शिवण्याऐवजी नुसते इस्त्रीच्या गोंदाने चिकटवले असतील तरीही हातानेच धुवा. ते कसं ओळखायचं? आकाराच्या कडेला टाका दिसत नाही आणि नखाने कड जराशी उचलली जाते.

खुणांची शाई

ही पायरी नवीन शिवलेल्या वस्तूसाठी. टाक्यांची नक्षी काढायला शिवणारे वेगवेगळी पेनं वापरतात, आणि प्रत्येकाची खोड निराळी.

निळी, पाण्याने जाणारी शाई असेल तर आधी साध्या थंड पाण्यात संपूर्ण वस्तू बुडवा. साबण नाही, गरम पाणी नाही. वरवर फवारा मारला तर खूण दिसेनाशी होते, पण शाई जाते कुठे? खाली भरणीत उतरते आणि वाळताना पुन्हा वर येते. शाई असताना इस्त्री फिरली तर ती तपकिरी होऊन कायमची बसू शकते. हवेने उडणारी जांभळी शाई आपोआप नाहीशी होते, तरी तिलाही एकदा पाणी दाखवावं.

तिसरा प्रकार इस्त्रीच्या उष्णतेने पुसणाऱ्या पेनांचा. त्यांची शाई साधारण ६० अंश सेल्सिअसला रंगहीन होते, म्हणजे दिसत नाही एवढंच. ती कापडात असतेच. कडाक्याच्या थंडीत, शून्याखाली, खुणा परत उमटतात. डागाचं मेण काढायला मॅट फ्रीझरमध्ये ठेवला आणि त्यावर अचानक नक्षीच्या रेषा दिसू लागल्या तर दचकू नका. पुन्हा गरम इस्त्री दाखवली की जातील. खडूच्या खुणा मऊ ब्रशने झटकल्या की काम झालं.

रंगाची परीक्षा

गडद लाल, मरून, गडद निळा, काळा आणि जांभळा या रंगांवर भरवसा ठेवू नका, मग कापड कितीही चांगल्या प्रतीचं असो. परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून हलका पिळून घ्या आणि गडद कापडावर मिनिटभर दाबून धरा. मग जरासा घासा. तुकडा पांढराच राहिला तर ठीक. प्रत्येक गडद कापडाची परीक्षा वेगळी घ्या, अस्तराचीही घ्या. हाताने केलेल्या भरतकामाचा दोरा विसरू नका. कापडाचा रंग पक्का आणि लाल दोऱ्याचा कच्चा, असं फार वेळा निघतं.

तुकड्यावर फिकट झाक आली तरी वस्तू धुता येते. भरपूर पाणी घ्या, पुरेसं लिक्विड डिटर्जंट घाला, भिजवून विसरू नका, आणि रंग पकडणारे कागद मिळत असतील तर सोबत टाका. ते पाण्यात सुटलेला रंग ओढून घेतात. डिटर्जंटही तेच करतं, सुटलेला रंग पाण्यात तरंगता ठेवतं, कापडावर बसू देत नाही.

मीठ आणि व्हिनेगर टाकून रंग पक्का करायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. मी त्या भानगडीत पडत नाही. कापड रंगवताना मिठाचा उपयोग असतो, कारण ते रंगाला धाग्याकडे ढकलतं. पण रंगवून झालेल्या सुती कापडातला सुटा रंग मिठाने धाग्याला जोडला जात नाही. व्हिनेगरसारखं आम्ल लोकर आणि रेशीम रंगवताना कामाला येतं, सुताच्या रंगांना त्याने काही फरक पडत नाही.

आणि तरीही लालाने पांढऱ्यावर हात मारलाच तर? वस्तू वाळू देऊ नका. ओली असेपर्यंत तुमच्या हातात डाव आहे. मोठा टब किंवा बादली घ्या, साधारण ६० अंशांचं गरम पाणी भरा, त्यात नेहमीपेक्षा सढळ हाताने लिक्विड डिटर्जंट किंवा भांडी घासायचं लिक्विड विरघळवा, आणि वस्तू पूर्ण बुडवून ठेवा. वर काही राहता कामा नये. तरंगत असेल तर एखादी जड ताटली ठेवून दाबा. पाणी गार होत जाईल, होऊ द्या. रात्रभर, दहा-बारा तास, तसंच राहू द्या. सकाळी पाणी रंगलेलं दिसेल. ते ओता आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच पुन्हा करा. सुरुवातीला सांगितलेला अपवाद तो हाच. गरम पाण्यात धाग्याला न चिकटलेला जादा रंग झटपट सुटतो आणि डिटर्जंट त्याला परत बसू देत नाही. यात सुती भरण आटेल, ती किंमत धरून चाला. लोकर आणि रेशमाला मात्र हा उपाय नाही.

डाग: आधी डाग, मग धुणं

सांडल्या सांडल्या पहिलं काम टिपण्याचं. कोरडं पांढरं कापड डागावर दाबा, उचला, कोरडी बाजू फिरवून पुन्हा दाबा. चोळलं की डाग रुंदावतो आणि भरणीत खोल उतरतो. रंगीत नॅपकिनने टिपू नका, नाहीतर एकाचे दोन डाग होतील.

चहा, कॉफी, वाइन आणि फळांचे रस हे एका जातीचे डाग. थंड पाणी, त्यावर लिक्विड डिटर्जंटचे दोन थेंब, पंधरा मिनिटं थांबणं, मग पुन्हा पाणी. साबणाची वडी यांवर घासू नका, साबणाने हे डाग उलट घट्ट बसतात. दूध, अंडं, रक्त यांना फक्त थंड पाणी. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं गोठून धाग्याला धरतात. हाताने टाके घालताना सुई बोटात जाऊन पडलेला रक्ताचा ठिपकाही याच खात्यातला.

तेल-तुपाच्या डागावर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर जाडसर पसरून ठेवा. अर्ध्या तासाने झटका, गरज वाटली तर पुन्हा पसरा. नंतर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने हलका जिरवा आणि कोमट पाण्याने धुवा. मेणबत्तीचं मेण असेल तर मॅट पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झालेलं मेण चमच्याच्या पाठीने खरवडा, आणि उरलेल्यासाठी वर-खाली टिपकागद ठेवून मंद इस्त्री करा. भरण पॉलिस्टरची असेल तर इस्त्री क्षणभरच टेकवा.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, आणि लोक हबकतात. साबणाच्या क्षारामुळे हळदीचा रंग बदलतो, डाग वाढलेला नसतो. नीट धुऊन घ्या आणि जी पिवळी छटा उरेल ती उन्हावर सोडा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. अडचण एवढीच की ऊन बाकीच्या कापडाचाही रंग उडवतं. म्हणून डाग तेवढा उघडा ठेवून आजूबाजूला जाड कापड पसरा.

पांढऱ्या किंवा पक्क्या रंगाच्या सुती वस्तूवर हट्टी डाग उरला तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर, डब्यावर लिहिलेल्या मापाने पाण्यात विरघळवून वापरा, आधी कोपऱ्यावर पाहून. क्लोरीनचं ब्लीच नको. ते धागा कमजोर करतं, आणि धावदोऱ्याचा बारीक दोरा सगळ्यात आधी तुटतो.

आता क्विल्टचीच एक खास डोकेदुखी. डाग धुतला, दिसेनासा झाला, मॅट वाळत घातला. आणि वाळल्यावर पाहावं तर त्याच जागी फिकट तपकिरी कड घेऊन डाग हजर. एकेरी कापडात हे क्वचित दिसतं. इथे सांडलेलं द्रव मधल्या भरणीने पिऊन घेतलेलं असतं. आपण वरचा थर धुतो, भरणीतला डाग तसाच राहतो, आणि वाळताना पाणी आतून पृष्ठभागाकडे सरकतं तेव्हा डागालाही बरोबर घेऊन येतं. म्हणून डागावर पाणी सोडायचं ते अस्तराच्या बाजूने, नळाच्या बारीक धारेखाली, आरपार स्वच्छ येईपर्यंत. मग दोन टॉवेलांत दाबून जास्तीत जास्त पाणी काढा. वाळवताना त्या जागेवर पांढऱ्या कापडाची घडी ठेवून वर वजन ठेवा. जे काही वर येईल ते त्या घडीत जाईल.

हाताने धुणं

मॅट, छोटे रनर, किटलीच्या टोप्या, नाजूक कामाच्या वस्तू यांना हातच बरा. मॅट सपाट पसरेल एवढा टब घ्या. पाणी ३० अंशांच्या आतलं, म्हणजे हाताला ना गार ना गरम लागेल असं. पाच लिटर पाण्याला चहाचा एक चमचा सौम्य लिक्विड डिटर्जंट पुरतं. ते आधी पाण्यात नीट विरघळवा, वस्तू नंतर सोडा. लोकर किंवा रेशीम असेल तर एन्झाइमवालं डिटर्जंट टाळा, ती एन्झाइम प्रथिनं तोडायलाच घातलेली असतात आणि लोकर-रेशीम प्रथिनंच आहेत.

वस्तू बुडाली की तळवे सपाट ठेवून दाबायचं आणि सोडायचं. दाबलं की मळकं पाणी बाहेर येतं, सोडलं की स्वच्छ आत जातं. चोळणं नाही, आपटणं नाही, ब्रश नाही. सगळ्यात मळते ती गोटाची कड, तिला बोटांच्या पेरांनी हलकं कुरवाळा. दहा-पंधरा मिनिटं पुरे होतात.

खळबळताना वस्तू वर न उचलता टब तिरका करून पाणी सोडा, वस्तू हाताने तळाशी धरून. मग स्वच्छ पाणी भरा, दाबा, पुन्हा सोडा. तीन-चार पाणी तरी लागतील. कडेला दाबल्यावर बुडबुडे आले तर अजून साबण आहे. भरणीत राहिलेला साबण मॅटला ताठ करतो आणि धूळ धरून ठेवतो. दोन धुण्यांनंतर मॅट मळकट दिसायला लागला तर बहुधा खळबळण्यातच कसर राहिलेली असते.

उचलताना जपून. भिजलेली सुती भरण चांगलीच जड होते, आणि एका टोकाला धरून उचललं की ते सगळं वजन टाक्यांवर येतं. कटकन दोरा तुटल्याचा आवाजही येतो. दोन्ही हात खाली घालून, तान्ह्या बाळाला उचलावं तसं उचला. पिळू नका. जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि गुंडाळीवर दाब द्या. टॉवेल भिजला की दुसरा.

मशीनमध्ये टाकायचं असेल तर

रोजच्या वापराचे, पक्क्या रंगाचे, मशीनवर टाके घातलेले सुती मॅट खुशाल मशीनमध्ये टाका. पुढून दार असलेलं मशीन जास्त सोयीचं. वरून उघडणाऱ्या, मधे खांब असलेल्या मशीनमध्ये लांब रनर त्या खांबाभोवती पिळला जातो. मॅट जाळीच्या पिशवीत घाला. नाजूक कपड्यांचा प्रोग्राम, थंड किंवा ३० अंशांचं पाणी, आणि सुकवण्याची फिरकी सगळ्यात कमी वेगाची लावा. सोबत जीन्स, चेन असलेले कपडे किंवा हुकवाले कपडे नकोत, तसेच नवे टॉवेलही नकोत; त्यांचा पिंजलेला कापूस टाक्यांत अडकून बसतो.

फॅब्रिक सॉफ्टनर वगळा. तो धाग्यावर थर चढवतो, आणि ज्या मॅटने सांडलेलं पाणी टिपायचं तोच ते टिपेनासा होतो. मशीन थांबल्यावर लगेच काढा. ओल्या गोळ्यात रात्रभर पडलेल्या मॅटच्या घड्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत, शिवाय रंग एकमेकांना लागायला तेवढा वेळ भरपूर असतो.

वाळवणं आणि आकाराला आणणं

वस्तूचं रूप इथे ठरतं, तरी सगळ्यात जास्त घाई इथेच होते. कोरडा टॉवेल सपाट जागेवर पसरा, त्यावर ओला रनर ठेवा आणि आता सुरुवातीला लिहून ठेवलेली मापं काढा. आधी मधला भाग हाताने सपाट करा, मग समोरासमोरच्या कडा दोन्ही हातांनी हलक्या ओढा, शेवटी कोपरे काटकोनात आणा. ओली सुती भरण ओढीला दाद देते. वाळल्यावर देत नाही. फार आटला असेल तर कडेने न गंजणाऱ्या टाचण्या लावून ताणून ठेवा.

सावलीत, पण वारा लागेल असं वाळवा. उन्हात घालायचंच असेल तर अस्तर वर करून. दोरीवर घालताना एकाच दोरीवर मधोमध टांगू नका, दोन दोऱ्यांवर आडवं पसरा म्हणजे वजन विभागलं जाईल. चिमटे गोटावर लावले तर गोट तिथे खेचला जाऊन लाटांसारखा होतो. ड्रायर वापरायचा असेल तर मंद उष्णतेवर आणि थोडी ओल असतानाच बाहेर काढा. डाग पूर्ण गेला नसेल तर ड्रायरचं नावही काढू नका.

वर हात फिरवून मॅट वाळल्यासारखा वाटतो, पण मधली सुती भरण ओली असू शकते. मॅट गालाला लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे. अशी वस्तू घडी करून ठेवली की कुबट वास येतो आणि मग बुरशीचे काळे ठिपके, जे काढणं महाकठीण.

इस्त्री

इस्त्री घासत न्यायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासली की जोडकामाचे तुकडे तिरके ओढले जातात आणि भरण चपटी होते. अस्तराच्या बाजूने करा. भरतकाम असेल तर सुलटी बाजू खाली जाड टॉवेलवर टेकवून. पॉलिस्टरची भरण, जरीचा दोरा आणि गोंदाने चिकटवलेले आकार यांना मंद उष्णता आणि मधे सुती कापड. लोकरीच्या भरणीला बऱ्याचदा नुसती वाफ पुरते. कडक स्टार्च केलेला रनर देखणा दिसतो खरा, पण तो लगेच वापरणार असाल तरच करा. कारण पुढे आहे.

वापरताना

प्रत्येक जेवणानंतर धुणं हा मॅटवर अन्याय आहे. कण झटका, धूळ असेल तर व्हॅक्यूमच्या तोंडाला पातळ जाळी बांधून कमी ओढीने फिरवा, छोटा डाग जागच्या जागी काढा. टेबल खिडकीजवळ असेल तर रनर मधूनमधून फिरवून ठेवा, म्हणजे एकाच टोकाचा रंग उडणार नाही.

साध्या भरणीचा मॅट गरम ताटलीसाठी ठीक आहे. ओव्हनमधून निघालेलं भांडं त्यावर ठेवलं तर टेबलाच्या पॉलिशवर पांढरा डाग उमटतो, कारण उष्णता आणि वाफ दोन्ही खाली जातात. त्यासाठी उष्णतारोधक भरणीचा, जाड मॅट वेगळा ठेवा. आणि ओल्या मॅटने गरम भांडं कधीही धरू नका. कोरड्या भरणीत अडकलेली हवा उष्णता थोपवते. ती जागा पाण्याने घेतली की उष्णता झर्रकन हातापर्यंत येते, वर वाफेचा चटका.

ठेवायचं कसं

रनर गुंडाळून ठेवणं सगळ्यात चांगलं. पुठ्ठ्याच्या नळीवर आधी धुतलेलं सुती कापड किंवा आम्लरहित कागद गुंडाळा, मग सुलटी बाजू बाहेर ठेवून रनर, वर जुन्या उशीचा अभ्रा. घडी करायचीच असेल तर काही महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं घडी राहिली की तिथला धागा तुटतो. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, ओल आत कोंडते. लाकडी खणात ठेवताना मधे कापड असू द्या, लाकडातल्या आम्लाने कापडावर पिवळे-तपकिरी पट्टे येतात.

आणि स्टार्च धुऊन मगच ठेवा. कसर स्टार्च आवडीने खाते, आणि स्टार्चसकट मग कापडही. लोकरीच्या भरणीला पतंगांच्या अळ्या लागतात; त्या बहुधा मळलेल्या जागेपासून सुरुवात करतात, म्हणून लोकरीच्या वस्तू नेहमी धुऊनच आत जाव्यात. डांबरगोळ्या ठेवल्याच तर कापडाला टेकू देऊ नका.

किरकोळ दुरुस्ती

आधी झिजतो गोट, कारण हात, ताट, टेबलाची कड सगळं त्यालाच घासतं. उसवलेला भाग दिसताच आतल्या बाजूने लपत्या टाक्यांनी शिवून टाका, धुण्याआधी. धुण्यात दोन बोटांची उसवण वीतभर होते. गोट पूर्ण विरला असेल तर काढून नवा लावता येतो, मॅट टाकून द्यायचं कारण नाही. तुटलेल्या धावदोऱ्याचं टोक कापू नका. सुईत ओवून भरणीत ओढून घ्या आणि नवा दोरा जुन्याच भोकांतून घाला.

कधी कापडावर भरणीचे बारीक पांढरे तंतू उगवलेले दिसतात, विशेषतः गडद कापडावर आणि पॉलिस्टरच्या भरणीतून. ते ओढायचा मोह आवरा. एक ओढला की त्याच्या मागून दुसरा येतो. कात्रीने कापडालगत कापा.

वारशाने आलेली फार जुनी वस्तू असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. जुन्या काळी लोहाचे क्षार वापरून केलेले तपकिरी आणि काळे रंग कापडाला आतून खातात, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेशमाला वजन यावं म्हणून धातूचे क्षार लावत, ते रेशीम नुसत्या घडीनेही फाटतं. अशा वस्तूला पाणी लावण्याआधी जुन्या कापडाच्या जाणकाराला दाखवा.

तुम्ही स्वतः शिवत असाल आणि ती वस्तू कोणाला देणार असाल, तर अस्तराच्या कोपऱ्यात कापडी पट्टी शिवून तीन गोष्टी लिहा: भरण कशाची, कापड आधी धुतलेलं आहे का, आणि कोणत्या पेनाच्या खुणा आहेत. पट्टीवर लिहायचं पेन धुण्यात टिकणारं हवं. आधी उरलेल्या चिंधीवर दोन शब्द लिहून ती चिंधी घरच्या कपड्यांबरोबर एकदा धुऊन पाहा, मगच पट्टी शिवा.